एक जूनला शाळा बंद असते

मास्तरकीत पगार कधी उशिरा येतो, पुस्तकं कधी उशिरा येतात, किस्से मात्र रोजच्या रोज. आमच्या शाळेतले निम्मे किस्से तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातच झालेत. तिथं आम्ही दिनविशेष लिहितो. आजच्या तारखेला इतिहासात काय घडलं, कोण थोर माणूस जन्मला, कोण गेला. सकाळी परिपाठाला एक मूल ते मोठ्यानं वाचतं आणि मग आमचा दिवस सुरू होतो.

शाळा जव्हारच्या पलीकडे, एका पाड्यावर. मी मूळची पोशेऱ्याची, म्हणजे बाहेरची नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा पारा चढणार आहे.

*

दिनविशेष येतो हेडसरांच्या मोबाईलवर. हेडसर म्हणजे भोये सर. रेंज मिळते फक्त टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली, आणि पावसात तिथं कोण चढणार? एकदा त्यांनी आदल्या दिवशीचाच दिनविशेष पुन्हा लिहून टाकला. वाचणारी मुलगी मध्येच थांबली.

"सर, हे तं काल जलमले व्हते."

"थोर माणूस आहे," हेडसर म्हणाले. "दोनदा जन्मला तर काय बिघडलं? वाच पुढे."

भोये सर तसे कशाला बधत नाहीत. भितात ते फक्त साहेबांच्या गाडीला. लांबून इंजिनाचा आवाज आला की त्यांचा शर्ट आपोआप पँटमध्ये जातो. बहुतेक वेळा ती दाभोशाला प्रवासी नेणारी जीप निघते. शर्ट मग दिवसभर तसाच राहतो.

*

आता वाढदिवसांचं. आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांचा जन्म एक जूनचा. हेडसरांचा, माझा, मुलांचा, मुलांच्या आईबापांचा. जन्माची नोंद नसायची, मग शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" आई सांगायची, "भाताची लावणी चालू व्हती." लावणी काही तारखेच्या रकान्यात बसत नाही. गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

मी आणि माझी मोठी बहीण, दोघींना गुरुजींनी एकदमच पहिलीत घातलं. त्यामुळे कागदावर आम्ही एकाच दिवशी, एकाच साली जन्मलो. पुढे बँकेत खातं उघडायला वडील आम्हाला घेऊन गेले. कारकुनानं कागद पाहिले, मग आमची तोंडं पाहिली.

"जुळ्या का?"

"नाय. ही मोठी," वडील म्हणाले.

"किती मोठी?"

"एका लावणीनं."

कारकून हसला. वडील हसले नाहीत. मलाही तेव्हापासून त्या हसण्याचा राग आहे. माझ्या आईच्या सगळं नीट लक्षात होतं, विचारणाऱ्यालाच ते लिहिता आलं नाही.

*

एक दिवस परिपाठ झाल्यावर पाचवीतल्या यमुनानं हात वर केला. बारीक चणीची, पण आवाज असा की शेजारच्या पाड्यावर पोचावा.

"बाई, आपल्याकडं कधीच काय झालं नाय का?"

"म्हणजे?"

"फळ्यावर लांबचंच असतं सगळं."

दुसऱ्या दिवशी दिनविशेषाच्या खाली वाकड्या अक्षरात एक ओळ होती : 'आज साखरशेतच्या मामानं बैल घेतला.' हेडसर ती पुसायला निघाले. मी म्हटलं, "राहू द्या सर, बैलानं तरी कुणाचं काय घोडं मारलंय?" राहिली. मग रोज एक ओळ येऊ लागली. विहिरीला पाणी आलं. कुणाची आत्या नाशकाहून परत आली. इतिहास सोडून मुलं आधी तीच ओळ वाचायची.

*

परिपाठाला आमच्याकडे अजून एक पद्धत आहे. ज्याचा वाढदिवस असेल त्यानं पुढे यायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पद्धत छान आहे, फक्त पुढे कुणी येतच नाही. एक जूनला शाळा बंद असते!

मग ग्रामसेवकांचा मुलगा आमच्या शाळेत आला. त्याच्याकडे खरी तारीख होती. तो पुढे आला, टाळ्या झाल्या, त्यानं चॉकलेटं वाटली. यमुनानं चॉकलेट घेतलं पण खाल्लं नाही.

"बाई, माजा कवा?"

"एक जून."

"तवा टाळ्या कोण वाजवील?"

मी स्वतः चौथीत हेच विचारलं होतं, आणि मला 'गप बस' असं उत्तर मिळालं होतं.

*

यमुना गप बसणाऱ्यातली नाही. तिनं घरी जाऊन आईला विचारलं आणि सकाळी सरळ हेडसरांसमोर उभी राहिली.

"सर, मी एक जूनला जलमलेच नाय. आई नागली खुडाय गेली व्हती, पैल्याच दिशी. घरी आली नि मी झाले. आमची नागली खुडाय लागतील त्या दिशी माजा वाढदिस."

"अगं, पण मग दरवर्षी तारीख बदलेल."

"दिवाळीची बदलते ना."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मला हसू आवरत नव्हतं. "बघू," म्हणून त्यांनी विषय टाळला.

*

नागली, म्हणजे आमच्याकडची नाचणी, पिकली. एके सकाळी यमुना हाताला कणसांचा भुसा तसाच घेऊन धावत आली, आणि कुणाला न विचारता दिनविशेषात 'जन्म' या शब्दाखाली, सगळ्या थोरामोठ्यांच्या नावांनंतर, स्वतःचं नाव लिहिलं.

नेमकी तेव्हाच गाडी वाजली. या वेळी ती दाभोशाची जीप नव्हती. हेडसरांचा शर्ट आत गेला. तपासणीचे साहेब थेट वर्गात आले आणि फळ्यापाशी थांबले.

"शास्त्रज्ञ, समाजसुधारक, सेनानी... आणि ही यमुना कोण?"

"मी," यमुना म्हणाली.

हेडसर घाईनं म्हणाले, "पुसतो सर, लगेच पुसतो."

"थांबा, तिलाच पुसू दे." साहेबांनी टेबलावरचा डस्टर उचलून तिच्यापुढे धरला. आवाज गोड होता, म्हणून मला जास्तच राग आला. "बाळ, या लोकांनी मोठी कामं केली, म्हणून त्यांची नावं इथं आहेत. तू काय केलंस?"

यमुनानं डस्टर घेतला नाही. तिनं फळ्यावरची नावं वरपासून खालपर्यंत पाहिली.

"सर, ह्यांनी जलमले त्या दिशी काय केलं व्हतं?"

हेडसर पुढे झाले. साहेबांच्या हातातला डस्टर त्यांनी काढून घेतला आणि खडूच्या धुळीसकट आपल्या खिशात घातला. खोचलेला शर्ट त्यांनी ओढून बाहेर काढला आणि ते मुलांकडे वळले.

"यमुना, पुढे ये. वाजवा रे टाळ्या."