सहाची वेळ

बी. कॉम. होऊन वर्ष उलटलं तरी मला नोकरी लागली नव्हती. सोलापुरात तेव्हा ज्याच्याकडे नोकरी नाही त्याच्याकडे वेळ असतो, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि माझ्या बाबतीत ती खरी होती. सात रस्त्याजवळ एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. त्यांचा गुडघा धरला, तेव्हा त्यांनी मला बोलावून त्यांच्या अल्सेशियनला रोज सकाळी फिरवून आणशील का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. महिन्याभरात शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी आपला पामेरियन माझ्या हवाली केला. पाठोपाठ एका गिरणी अधिकाऱ्याच्या बायकोने निरोप धाडला. त्यांच्याकडे वीतभर पायांचं, लांबुडकं, कायम रुसल्यासारखं दिसणारं एक कुत्रं होतं.

आई शेजारपाजारी सांगायची, "डॉक्टरीणबाईंकडं कामाला हाय. सकाळची ड्यूटी." वडील गिरणीत होते, ड्यूटी या शब्दाला आमच्या घरात मान होता.

अडचण एकच होती. तिघांनाही सहाची वेळ हवी होती. सोलापूरचा उन्हाळा असा, की आठ वाजता डांबर तापायला लागतं आणि जनावराचे पाय भाजतात. त्यामुळे सगळं साडेसातच्या आत उरकायला हवं, हे खरं. पण सहाच का, याची कारणं निराळी होती. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "गिरणीचा भोंगा आणि तू, दोघंही मला वेळेवर पाहिजेत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा ही आरोग्याला उत्तम वेळ. त्या स्वतः कधी फिरायला गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. आणि अधिकाऱ्याच्या बायकोने आधी विचारलं, "इंजिनिअरांकडे किती वाजता जातोस?" मी सहा म्हटल्यावर त्यांचंही ठरलं, सहा.

मी तिघांनाही बरं म्हटलं.

मग बसून वेळापत्रक केलं. पामेरियन सव्वापाचला, अल्सेशियन सहाला, लांबुडकं पावणेसातला. इंजिनिअरसाहेब फाटकाशी घड्याळ हातात घेऊन उभे असत, म्हणून खरी सहाची वेळ त्यांना दिली. डॉक्टरीणबाई रात्रीच्या बाळंतपणांनी थकून झोपलेल्या असतील, असा माझा हिशेब होता. त्यांची मोलकरीण मागच्या दाराने कुत्रं देई. अधिकाऱ्याची बायको तर आठशिवाय उठतच नसे. कुणी विचारलं, तर तिघांनाही उत्तर एकच: सहा. चार महिने हे सुरळीत चाललं. कॉलेजात शिकलेलं काहीतरी कामी आलं, असं मला मनापासून वाटत होतं.

अशात बार्शीचं एक स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील धान्याच्या अडतीवर होते. सकाळी नऊला ते मला पाहायला येणार होते. आईने बजावलं, "साडेसातला आंघोळ करून तयार पायजेस." म्हणून त्या दिवशी मी वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि तिन्ही कुत्री एकदमच बाहेर काढली. इंजिनिअरांकडे शेवटी गेलो आणि आधीची दोन कोपऱ्यावर कडुनिंबाला बांधून ठेवली. एकमेकांशी भांडतील अशी धास्ती होती. पण ती तिघं अशी मजेत चालली, जणू इतके दिवस माझ्यामुळेच त्यांची ताटातूट झाली होती.

कंबर तलावाच्या बाजूला एक गृहस्थ फिरत होते. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. थांबून त्यांनी विचारलं, "ही समदी तुमचीच व्हय?"

"नाही. लोकांची."

"मग लोक काय करत्यात?"

"झोपतात."

ते हसले. माझ्याबरोबर चालू लागले. इतक्या लोकांच्या वेळा कशा जमवता, असं त्यांनी विचारलं. आजवर ते मला कुणीच विचारलं नव्हतं. मला राहवलं नाही. परका माणूस, आज आहे उद्या नाही, असं समजून मी सगळं सांगून टाकलं. खरी सहाची वेळ कुणाला, खोटी कुणाला, मागचं दार कुठलं. खिशातला कागदही दाखवला. त्यांनी तो लांब धरून नीट वाचला आणि म्हणाले, "लई डोकं लावलंय की."

मी खूश होऊन घरी आलो.

नऊ वाजता तेच गृहस्थ आमच्या दारात उभे होते. आदल्या दिवशीच येऊन ते नातेवाइकाकडे उतरले होते. आईने पोहे पुढे केले आणि सांगितलं, "डॉक्टरीणबाईंकडं असतोय. सकाळची ड्यूटी."

"व्हय," ते म्हणाले, "बगितली मी ड्यूटी."

पण घरात ते आणखी काही बोलले नाहीत. पोहे संपवले, पाऊसपाण्याचं बोलले, उठले. मी त्यांना बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो, तिथं ते थांबले.

"कुत्री फिरवणं वंगाळ न्हाय," ते म्हणाले. "काम हाय ते. पर तू तिगांस्नी एकच टाइम सांगतोस. उद्या माज्या पोरीला कुटला सांगशील?"

त्यांनी काठी सावरली आणि गेले. बार्शीहून नकार आला, तो आईच्या मते पत्रिकेमुळे.

ते वाक्य मात्र मला दोन दिवस सोडेना. शेवटी मी तिन्ही घरी जाऊन खरं सांगायचं ठरवलं. डॉक्टरीणबाई ऐकून म्हणाल्या, "मी रोज खिडकीतून बघते की. मला वाटलं, तुझं घड्याळ पुढे आहे." अधिकाऱ्याच्या बायकोने एवढंच विचारलं, की मग खरे सहा कुणाचे? इंजिनिअरांचे, मी म्हटलं. "मग आमचं त्यांच्या आधी, साडेपाचला ने." त्यानंतर ते लांबुडकं रोज साडेपाचला रस्त्यात बसकण मारू लागलं आणि मी त्याला कडेवर घेऊन फिरवू लागलो.

रागावले ते इंजिनिअरसाहेब. ज्यांना मी एकदाही फसवलं नव्हतं, ते. "सहा म्हणजे माझी वेळ," ते म्हणाले. "ती तू गावभर वाटत होतास." त्यांनी माझं येणं बंद केलं आणि अल्सेशियनला स्वतःच घेऊन निघाले. आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, दिवाळीपर्यंत थेट पार्क मैदानापर्यंत. गुडघा सुटला त्यांचा. वाटेत भेटलो, तर कुत्रं मला ओळख द्यायचं, साहेब द्यायचे नाहीत.

पुढच्या वर्षी माढ्याकडचं स्थळ आलं. या वेळी मी आईला निक्षून सांगितलं होतं, काही लपवायचं नाही. तिने पाहुण्यांसमोर खाली मान घालून सांगितलं, "कुत्री फिरवतोय." पाहुणे पोट धरधरून हसले. आई विनोदी आहे, घर मोकळ्या स्वभावाचं आहे, असं त्यांचं मत झालं आणि त्याच बैठकीत लग्न ठरलं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी पहाटे मी चप्पल घालताना बायकोने विचारलं, कुठं निघालात? मी सांगितलं.

"आमच्या घरी एवढ्यात सांगू नका," ती म्हणाली.

"सांगितलंय की."

"त्यांना ती चेष्टा वाटलीय. तसंच राहू द्या."