ताईच्या शिवणीतली माया

शिवणकाकूंचं दुकान म्हणजे ड्रायक्लीनरच्या शेजारची जिन्याखालची जागा. आत शिरताना गिऱ्हाइकाला वाकावंच लागतं, नाहीतर कपाळ आपटतं. काकू नवं काही शिवत नाहीत. घट्ट झालेलं सैल करायचं, सैल झालेलं आवळायचं, फाटलेलं रफू करायचं. माणसं फुगतात आणि वाळतात, तेव्हा काकूंचं मशीन कधी थांबलेलं नाही.

अशा बाईला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी निबंध लिहायची हुक्की आली. झालं असं, की एक निवृत्त शिक्षिका ब्लाउज सैल करायला आल्या. फोनवरून लेखनाचा वर्ग चालवते म्हणाल्या. दर आठवड्याला एक निबंध लिहायचा, वर्गाच्या पानावर टाकायचा, मग तो जगात कुणीही वाचावा. काकू दिवसभर गिऱ्हाइकांच्या गोष्टी ऐकतात आणि संध्याकाळी त्या नवऱ्याला मीठमसाला लावून सांगतात. नवरा म्हणाला, "घाल बाई नाव. माझ्या कानांना जरा सुट्टी मिळेल."

पहिला निबंध काकूंनी चांगला दोन पानी लिहिला. 'जीवन हे एक वस्त्र आहे' इथून सुरुवात, आणि पुढे सुखदुःखाचे धागे, नियतीची सुई, काळाची कात्री, काही म्हणता काही सोडलं नाही. बाईंनी वाचून एका ओळीत निकाल लावला. "काकू, नमनालाच घडाभर तेल गेलं. जीवन राहू द्या, तुमच्या हातात आज कुणाचा कपडा आहे ते लिहा."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस त्या बाईंवर धुमसत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं एका पोट सुटलेल्या साहेबांच्या पँटीवर अर्धं पान लिहून मोकळ्या झाल्या. ते पानावर गेलं तेव्हा सतरा अनोळखी माणसं हसली. काकूंनी ती सतरा माणसं नवऱ्याला मोजून दाखवली. तेव्हापासून मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीशेजारी एक वही आली. लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, जिथे जीभ अडखळेल तिथलं वाक्य उसवायचं. उसवायचा कंटाळा काकूंना कधीच नव्हता, सगळं आयुष्य त्यातच गेलेलं. चार महिन्यांत बाई त्यांना 'बरं आहे' म्हणू लागल्या, आणि या बाईंचं 'बरं आहे' म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

मग काकूंनी ताईवर लिहिलं.

ताई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीला ताईनंच वाढवलं, आणि मशीनवर बसवलं तेही तिनंच. ताई आता काकूंच्याच गावात, दोन बसथांबे पलीकडे, मुला-सुनेकडे राहते. रोज सकाळी अकराला तिचा फोन येतो. "खाल्लंस का काही?" एवढंच विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून देते.

निबंधात काकूंनी शाळेच्या फ्रॉकची गोष्ट सांगितली. तेरा वर्षांच्या असताना तो फ्रॉक काखेत काचायला लागला. मशीन नुकतंच शिकलेल्या, म्हणून ताईला न विचारता स्वतःच बाजूची शिवण उसवली. आत बघतात तो जास्तीचं कापड सूतभरही नाही. शिवणीच्या आत पुढच्या वाढीसाठी जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकाम करणारे माया म्हणतात. ती नव्हतीच. दिवस ओढगस्तीचे, ताई तरी कुठून ठेवणार? पण त्या दिवशी काकूंनी ठरवलं, की आपल्या हातून कपडा जाईल तो दोन बोटं माया ठेवूनच जाईल. चांगला, नेटका निबंध. त्याला नाव दिलं, 'ताईच्या शिवणीत माया नव्हती'.

आता लोक काय करतात? लोक नाव वाचतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे जुन्या काळी. हल्ली उचललं बोट आणि लावलं फोनला. दुपारपर्यंत खाली लोकांच्या मतांचा ढीग पडला. "अशी बहीण वैऱ्यालाही मिळू नये." "सोसलंत हो काकू." "झालं गेलं विसरा, पण पुन्हा तिचं तोंड बघू नका." एका गृहस्थांनी तर स्वतःच्या मोठ्या भावाचा सगळा उद्धार तिथेच करून घेतला.

काकूंनी एकेकाला उत्तर द्यायला घेतलं. अहो, ती माया नाही, ही माया. पण तोवर आणखी चाळीस जण हळहळून गेले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी स्वतः लावला, तर सुनेनं उचलला. "आत्याबाई मशीनवर आहेत," म्हणाली. सून ताईला आत्याबाईच म्हणते. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं मीच वाचून दाखवलं त्यांना. खालचं पण सगळं. तेव्हापासून बोलत नाहीयेत."

"तिला शिवणीतली माया कळत नाही होय?" नवरा म्हणाला. "तुला तिनंच शिकवली ना?"

"मग फोन का नाही आला?" काकू म्हणाल्या.

त्यांनी बाईंना विचारलं, पुसून टाकू का? बाई म्हणाल्या, जिच्यावर लिहिलं तिला आधी विचारा. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं. ताई पूस म्हणाली तर पुसायचं, आणि वहीही मिटायची. सतरा काय, सतरा हजार माणसं हसली तरी अकराच्या फोनची सर त्यांना नाही.

रविवारी त्या गेल्या. ताई खिडकीशी मशीनवर बसली होती, नातीच्या झग्याला लेस लावत. वर बघितलं नाही.

"ताई, लोकांनी भलताच अर्थ काढला गं," काकूंनी उभ्या उभ्याच सुरू केलं. "तुझं प्रेम नव्हतं असं मी कुठं लिहिलंय? मी आपलं कापडाचं—"

"लोकांचं घाल चुलीत," ताई म्हणाली. "लोकांना काय कळतंय? मी तुझ्यावर रागावलेय."

"माझ्यावर?"

"माझ्या शिवणीत माया नव्हती म्हणून लिहिलंस. सगळ्या जगाला सांगितलंस. चाळीस वर्षं मशीन चालवलं मी, कुणाची टाप नव्हती माझ्या शिवणीला नाव ठेवायची." ताईनं पायडल थांबवलं. "त्या फ्रॉकला चांगली दोन बोटं माया होती. दोन्ही बाजूंना."

"अगं, मी स्वतः उसवून बघितला."

"बघितलास तेराव्या वर्षी. त्याआधी दोनदा मी माया सोडून तो सैल केला होता. अकराव्याला एकदा, बाराव्याला एकदा. तू उठायच्या आत उसवायचा, मागं सारून शिवायचा आणि इस्त्री करून खुंटीला लावायचा. तू अंगात घालून काय म्हणायचीस आठवतंय? ताई, माझा फ्रॉक माझ्याबरोबर वाढतो."

काकूंना आठवलं. अगदी त्या शब्दांसकट आठवलं. वर्गातल्या मुलींनाही त्यांनी ते सांगितलं होतं, आपल्याकडे जादूचा फ्रॉक आहे म्हणून.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ताई लेसचा धागा दातांनी तोडत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू जपून जपून वाढली असतीस."

काकू तिथेच शेजारच्या कपड्यांच्या ढिगावर बसल्या आणि रडल्या. चांगल्या भरपूर रडल्या. ताईनं रडू दिलं, मग नातीचा दुसरा झगा त्यांच्या बुडाखालून ओढून काढला.

"पूस म्हणतेस ना तो निबंध?" काकूंनी विचारलं.

"पुसायचं कशाला? शिवण चुकली तर कपडा फेकतेस का तू? दुरुस्त कर. इथं बसून कर, माझ्यासमोर."

काकूंनी फोन काढला. चार वेळा लिहिलं, चार वेळा उसवलं. एकदा डोळे पुसताना बोट भलतीकडेच लागलं. शेवटी निबंधाच्या खाली, त्या सगळ्या हळहळीच्या वर, दोन ओळी गेल्या, आणि त्या त्यांनी ताईला मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"वरच्या लेखात माझी चूक झाली आहे. माया होती, ती सगळी माझ्या वाढण्यात गेली."

ताईनं ऐकून घेतलं. "दोन बोटं होती, तेही घाल," ती म्हणाली.