न उमटलेली रेघ

१४ जानेवारी १९६७, शनिवार. उणे एकोणीस अंश. सकाळी नऊपासून स्केटिंग क्लबच्या निवड-स्पर्धेचे गुण लिहिले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी जागा एकच. सेराइना चौथी आली. माझ्या रोजनिशीत दुपारची नोंद एवढीच.

सेराइना ही आमच्या गावच्या बर्फाच्या मैदानाचा राखणदार गियोन याची मुलगी. सहाव्या वर्षी स्केट्स पायात चढले ते सतराव्या वर्षापर्यंत उतरले नाहीत. तेव्हा उड्यांपेक्षा आकड्यांना जास्त गुण असत. एका पायावर घसरत कोऱ्या बर्फावर आठाचा आकडा काढायचा, त्याच रेघेवरून आणखी दोनदा जायचे, मग परीक्षक वाकून रेघ तपासत. सेराइनाच्या तीन रेघा एकच वाटत.

पण तिच्या उड्या कमी पडत. ऑक्टोबरात प्रशिक्षक हिट्झबाईंनी तिला सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभे केले.

"एकावन्न किलो! बटाट्याचं पोतं उडताना पाहिलंयस कधी?"

मुली हसल्या. त्या दिवसापासून तिला दोन्ही वेळा पातळ सूप. गियोनने ब्रेड-चीजच्या कपाटाला कुलूप घातले.

"बाई सांगतात तसं कर, पोरी. जागा मिळाली की खा हवं तेवढं."

नाताळात ती एक्केचाळीस किलोंवर आली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी लेकीसाठी गियोनने पाण्याचे थरावर थर देऊन बर्फ आरशासारखा केला. त्यात ही थंडी. सकाळी त्याचा दगड झाला होता. खाटकाची लादिना चांगली अंगापिंडाने भरलेली. तिची रेघ वेडीवाकडी, पण पांढरी शुभ्र उमटली. सेराइना आवाजही न करता तीनदा फिरून बाजूला उभी राहिली. तिघे परीक्षक गुडघ्यांवर बसले. एकाने चष्मा पुसला.

"हिने काढलंय का काही?"

"तुमच्या बुटाखाली आहे," सेराइना म्हणाली.

कठड्यापाशी लोक खो खो हसले. जी रेघ दिसत नाही तिला गुण नाहीत. नुसत्या फिरण्याचे म्हणून मी सहापैकी १.८ लिहिले.

"अंगात वजनच नाही, तर रेघ उमटणार कुठून?" हिट्झबाई म्हणाल्या.

"बाई, वजन तुम्हीच तर..."

"हरलीस ती हरलीस, वर तोंड चालवतेस?" बाई लादिनाचे अभिनंदन करायला वळल्या.

गियोन झाडू धरून उभा होता. "मीच फार कडक केला गं," एवढेच तो बोलला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. पुढे एकोणीस वर्षे त्याच मैदानाच्या खिडकीत ती भाड्याचे स्केट्स देत बसली. लादिनाच्या मुलींनाही तिनेच मापाचे काढून दिले.

त्या दिवशी मात्र ती आपल्या घरी न जाता माझ्यामागोमाग माझ्या घरी आली. ओव्हरकोट न काढताच टेबलाशी बसली. "काकू, काहीही द्या," म्हणाली. संध्याकाळच्या नोंदीत पुढची ओळ आहे: सेराइनाने चीजबरोबर अकरा उकडलेले बटाटे खाल्ले. टोपली रिकामी, सोमवारी पाच किलो आणायचे.