मामेसासऱ्यांचं हृदय आणि माझी भांडणं

पुण्यात वादात हरलेला माणूस सापडत नाही असं म्हणतात. पण ज्याच्यापुढे निर्जीव वस्तूसुद्धा गुन्हा कबूल करून मोकळ्या होत, असा एकच गृहस्थ मी पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हे माझे मामेसासरे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले ते खात्यातून, तपासणीतून नव्हे. खांद्याच्या पिशवीत एक किलोचं पितळी वजन घेऊनच ते भाजीला जात, लग्नाला जात, सांत्वनालाही जात. आमची मुलगी जन्मली तेव्हा नर्सबाईंनी वजन सांगितलं, दोन किलो नऊशे. सगळे "छान, छान" म्हणत असताना मामांनी पिशवीत हात घातला. "बाळ जरा बाजूला घ्या. आधी काटा बघू." काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. "बाळ चाळीस ग्रॅमनं कमी आहे," असं त्यांनी वॉर्डात जाहीर करताच माझ्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेव्हा धाकट्या बहिणीची समजूत घालत ते म्हणाले, "रडतेस काय? बाळ होतं तेवढंच आहे. लबाडी काट्याची आहे."

अशा माणसाचं पोट वाढू लागलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शिंप्याला धारेवर धरलं, मग घरातली कापडी टेप आटली असावी असा निष्कर्ष काढला. शेवटी पोलादी टेप आणून मोजलं आणि ती मात्र खोटं बोलणार नाही म्हणून डॉक्टरांकडे जायला तयार झाले. मला बरोबर घेतलं, कारण साक्षीदार लागतो. डॉक्टरांनी पाय दाबून सूज पाहिली, डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, सोनोग्राफीचा कागद वाचला आणि हळूच विचारलं, "घेता का कधी?"

"काय?"

"म्हणजे... ड्रिंक्स वगैरे?"

मामा खुर्चीत ताठ झाले. "डॉक्टर, आयुष्यभर मी लिटर तपासले. एकही तोंडाला लावला नाही."

ते खरंच होतं. जुना मधुमेह आणि त्याहून जुनी चरबी, यांनी मिळून यकृत गुपचूप निबर करून टाकलं होतं. पण सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इमारतीत 'लिव्हर' एवढा एक शब्द जिना चढला आणि उरलेला मजकूर लोकांनी आपल्या मनाने भरला. तिसऱ्या दिवशी मामांच्या दारावर पाटी लागली: 'यकृत बिघडण्यास दारूखेरीज इतरही कारणे असतात. चौकशीस येणाऱ्यांनी प्रथम स्वतःचे पोट मोजून घ्यावे. टेप आत मिळेल.' तळमजल्यावरचे एक सज्जन खरोखरच मोजून घेऊन गेले आणि पुढच्याच आठवड्यात मला त्याच दवाखान्यात भेटले.

रोज सकाळी वजन करा आणि मीठ अगदी कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसरा कोणी असता तर खचला असता. मामांना पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं झालं. मामी बिचाऱ्या आमटीत चिमटीने मीठ टाकायच्या, तर हे म्हणायचे, "चिमूट हे माप सरकारमान्य नाही." सोनाराकडचा छोटा काटा घरात आला. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी लोणच्याची फोड तोलली आणि परत बरणीत टाकली.

पुढे यकृताच्या डॉक्टरांनी हृदय तपासून घ्यायला सांगितलं, आणि मामा भडकले. "तक्रार एका दुकानाची आणि धाड शेजारच्या दुकानावर? हे कुठलं खातं?" तरी गेले. हृदयाचे डॉक्टर तरुण आणि हसतमुख होते. त्यांनी इको काढायला आडवं व्हायला सांगितलं, तर मामा यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, "याच्यावर यंदाच्या पडताळणीचा शिक्का दिसत नाही." शिक्क्याची भानगड त्या डॉक्टरांना समजावण्यात वीस मिनिटं गेली. बाहेर बाकावर बसलेले सगळे आजारी लोक माझ्याकडे पाहत होते. शेवटी रिपोर्ट आला तो उत्तम. हृदय व्यवस्थित आकुंचन पावत होतं, प्रसरण पावत होतं. डॉक्टर म्हणाले, "पडल्या पडल्या तरी ठीक दिसतंय. पण लिव्हरचा आजार जुना आहे, जपून राहा." मामांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं तिथेच सोडलं. आठवडाभर ते भेटेल त्याला सांगत होते, "यकृताचं यकृत बघेल. हृदय आपलं खणखणीत आहे."

ते खणखणीत हृदय घेऊन ते बिबवेवाडीला भाचीकडे, म्हणजे आमच्याकडे आले आणि आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानदाराशी भिडले. नोकरीत असताना मामांनी त्याला दोनदा पकडलं होतं. साबुदाण्याच्या वजनावरून सुरू झालेलं भांडण मामा जिंकतच आले होते. तीन मुद्दे मांडून झाले होते, चौथ्याला बोट वर गेलं आणि तोंडातून शब्दच येईना. छातीचा भाता नुसता हलत होता. ओठ काळसर झाले. दुकानदाराने काउंटरवरून उडी मारली, त्यांना साबुदाण्याच्या पोत्यावर बसवलं, रिक्षा थांबवली आणि मला फोन केला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो रडवेला होऊन मामांचा हात धरून सांगत होता, "साहेब, तुमचंच बरोबर होतं. पन्नास ग्रॅम कमी होता. तुम्ही फक्त श्वास घ्या." नाकाला ऑक्सिजन लावलेल्या मामांनी मान हलवली आणि बोटांनी पाच आणि पाच अशी खूण केली. पंचावन्न.

दोन दिवसांनी हृदयाचे डॉक्टर पलंगाशी बसून सांगू लागले. यकृत वर्षानुवर्षं आजारी असलं की अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तात नको ती द्रव्यं साठतात. हृदयाला विश्रांतीच मिळत नाही, ते सारखं जास्तीचं काम ओढत राहतं. त्याचे स्नायू हळूहळू ताठर होतात. पडून असताना तपासलं तर सगळं ठीक दिसतं, पण ताप आला, जिना चढला, संताप केला, की एरवी जो जोर वाढायला हवा तो वाढतच नाही.

मामा मला म्हणाले, "जावईबापू, रिकामा काटा शून्यावर उभा आहे म्हणून मी कधी कुणाला पास केलं नाही. भार ठेवल्याशिवाय दोष कळत नाही." आणि मग, "एवढी साधी गोष्ट. मला कशी सुचली नाही?" त्या वेळी पहिल्यांदा त्यांचा आवाज मला घाबरल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली: भांडायचं नाही. पुण्यातल्या माणसाला ही ताकीद पाळायची म्हणजे गाव सोडणंच. मामांनी गाव सोडलं नाही, मुखत्यार नेमला. तो मी. मी आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही. घरात तर नाहीच. पण दर शनिवारी मामा मला घेऊन बाहेर पडत, एखाद्या पायरीवर टेकत आणि मला पुढे पाठवत. मी दूधवाल्याशी भांडलो, बँकेत भांडलो, देवळाबाहेर चपलांच्या रांगेवरून भांडलो. मागून बारीक आवाजात सूचना येत: "आवाज खाली... आता थांबा, त्याला बोलू द्या... हं, आता दुसरा मुद्दा." एकदा समोरच्याने वैतागून विचारलं, "भांडण नक्की कुणाचं आहे?" मामा पायरीवरून म्हणाले, "माझं. ते फक्त काढतायत."

असं दीड वर्ष चाललं. पोटात साठणारं पाणी काढायला आधी दोन महिन्यांनी जावं लागे, मग पंधरा दिवसांनी. यकृत बदलायचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं वय पाहिलं, हृदय पाहिलं आणि कागद हळूच मिटला. एकदा तपासणीच्या रांगेत मामींसह आम्ही दीड तास बसलेलो असताना एक धिप्पाड गृहस्थ सरळ पुढे घुसला. मी सवयीने उठलो, घसा साफ केला. मामांनी माझ्या शर्टाचं टोक धरलं. "राहू द्या. घाई असेल त्याला."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो. दीड वर्ष ज्या शब्दांची मी वाट पाहत होतो ते हेच होते, आणि आता ते मला नको होते.

मामांच्या घरी परतलो. लिफ्ट नाही, मजला तिसरा. मामी दार उघडायला पुढे गेल्या. मामा पहिल्या वळणावर कठडा धरून थांबले आणि म्हणाले, "बोलला असतात तर काय बोलला असतात?" मी पहिला मुद्दा सांगितला. त्यांनी त्यातला एक शब्द बदलून दिला. दुसऱ्या वळणावर दुसरा मुद्दा. श्वास खाली बसेपर्यंत मी दोन पायऱ्या खाली उभा राहून ते न झालेलं भांडण हळू आवाजात भांडत होतो आणि ते डोळे मिटून मान डोलावत होते. "आणि शेवट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेवट वर गेल्यावर.

ते चढले. दारात पोचले तेव्हा बोलायचीही ताकद नव्हती, पण आत न जाता उंबऱ्यावर माझ्याकडे पाहत उभे राहिले. माझ्याकडे शेवट नव्हताच. त्यांना ते कळलं.

"उद्या सांगा," ते म्हणाले.

त्यानंतर ते चार महिने होते. मी गेलो की विचारायचे, "सुचला का?" मी म्हणायचो, "सुचतोय." सुचायला मी शक्य तेवढा उशीर लावला.