खरवडलेले ठिपके

गावातून आडबाजूच्या किनाऱ्यांकडे उतरणाऱ्या वाटांवर दगडांना वाट दाखवणारे लाल ठिपके द्यायचं काम फोटिसकाका तीस वर्षं करत होते. त्यातली एक वाट मारिगोच्या शेळ्या पाणी प्यायच्या त्या झऱ्यावरून जायची आणि पोहून येणारे पाहुणे त्यात पाय धुवायचे. वैतागून तिने एके दिवशी तिथले सगळे ठिपके चाकूने खरवडून टाकले.

ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टात, ठिपके न दिसल्याने एक जोडपं तिथे वाट चुकलं आणि दिवसभर उन्हात भटकलं. कॅफेत कुणीतरी म्हणालं, "ठिपके द्यायचे राहिले असणार. फोटिसला आता बोकड आणि दाढीवाला पाद्री यांतला फरक दिसत नाही." सगळे हसले. मारिगोही हसली. काकांचं काम दुसऱ्याला दिलं गेलं.

तेव्हापासून काका दिसले की ती गल्ली बदलायची. नोव्हेंबरात, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत, शेवटी ती त्यांच्या दारात गेली. "काका, ठिपके मी खरवडले."

"ठाऊक आहे. ओरखडे बघितले मी. म्हटलं, पोरगी येईल आठवड्याभरात. तीन महिने लावलेस गं."

रविवारी चर्च सुटल्यावर तिने ते सगळ्यांसमोर सांगितलं. कुणीच तिला रागावलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.