न लावलेली डिस्क

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जागा मिळणार नाही. भूत-बित मी कधीच मानलं नाही. आठवीत दोनदा बसून दोनदा नापास झालेला माणूस मी... भुताला थोडी जरी अक्कल असेल तर ते माझ्याकडे कशाला येईल?

माझं दुकान वसईत, गोखिवऱ्याला. नाक्यावरून आत वळलं की दोन गाळ्यांच्या मध्ये अर्धा गाळा आहे, तो माझा. बोर्डवर 'कॉम्प्युटर इंजिनियर' लिहिलंय. हा इंजिनियर कोण, ते माझी बायको अजून शोधतेय. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी लाईट आणि जागा बघून काम करतो. अठरा वर्षं असंच चाललंय.

गेल्या दिवाळीनंतर विमलकाकू आल्या. इथल्याच जुन्या घरच्या, भाजीची वाडी आहे त्यांची. पुतण्याच्या स्कूटरवरून कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून आणला होता.

"पोरा, हा लय हळू चालतो. पुतन्या बोलला नवी डिस्क टाक, पळंल. पन आतलं काय जायला नको हां. भाऊंचा आवाज हाय त्यात."

भाऊ म्हणजे त्यांचे मिस्टर. त्यांच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं, नंतर बोलता येणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. म्हणून तो माणूस महिनाभर रोज कॉम्प्युटरसमोर बसून बायकोसाठी बोलून ठेवत होता. विहिरीची मोटर कशी चालू करायची, केळीला कधी काय घालायचं... सगळं. वर्षभरात ते गेले. काकू रोज दुपारी जेवल्यावर त्यातलं एक लावून ऐकायच्या.

आता माझी कर्तबगारी ऐका. जुन्या डिस्कवरचं नव्या एसएसडीवर, म्हणजे नव्या जलद डिस्कवर, उतरवायला माझ्याकडे दोन खाचांची पेटी आहे. पुढच्या खाचेत जुनी, मागच्या खाचेत नवी, बटन दाबून धरायचं, चार लाईट लागले की काम झालं. कॉम्प्युटर लागत नाही, वाचायला लागत नाही — माझ्यासाठीच बनवलीय. त्या दिवशी शेजारचे झेरॉक्सवाले पास्कल अंकल येऊन बसले होते आणि मी त्यांना कसलातरी जोक सांगत होतो. जोक रंगला. चार लाईट लागले. जोडून बघतो तर दोन्ही डिस्क कोऱ्या.

खाचा उलट्या लावल्या होत्या मी. नव्या डिस्कचं कोरेपण जुनीवर उतरवलं होतं. अख्खं. यातून काही परत येत नाही. मुंबईला एकाला दाखवली, तो म्हणाला, "साहेब, पाटी पुसून परत धुतलीय तुम्ही."

काकूंना काय सांगितलं? सांगितलं, "काकू, डिस्क आधीच मेलेली होती. चालू असताना वायर खेचली की जातात अशा."

काकू हळूच म्हणाल्या, "मी वायरच खेचते रे. त्ये बंद करायचं मला जमत नाय."

इथे मला 'नाही काकू, तसं नसेल' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "मग तेच."

दोन दिवसांनी त्या वाडीतली केळी घेऊन आल्या. "तू येवढा खपलास माझ्यासाठी." मी ती केळी खाल्ली. तीन.

त्यानंतरच्या सोमवारी सुरू झालं. एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या एका सरांच्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकली, विंडोज टाकायला घेतलं, तर ज्या पानावर डिस्कची यादी येते ते पान कोरं. एकही ड्राइव्ह सापडली नाही म्हणे. हे होतं कधीकधी. बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदललं. तिथे डिस्क दिसतेय, विंडोजला दिसत नाही. पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर दिला. नाही. दुसरी एसएसडी लावली. नाही. दुसरा कॉम्प्युटर घेतला. नाही! आठवड्यात सहा मशिनी, सहाही आंधळ्या. वालीवला माझा एक दोस्त हेच काम करतो, त्याच्याकडे त्याच डिस्क नेल्या. दोन मिनिटांत दिसल्या.

"दिन्या, चष्मा लाव."

"अरे खरंच दिसत नव्हत्या."

"मग हात धुऊन बस जरा."

परत माझ्या टेबलावर आणल्या. कोरं पान.

शनिवारी सकाळी, अकरा वाजले असतील, सरांचा लॅपटॉप परत लावला आणि यादीत एक ओळ आली. मी इतका खूश झालो की अंकलना हाक मारली. पुढचं बटन दाबणार, तर लक्षात आलं... एसएसडी माझ्या डाव्या हातात होती. लावायची राहिली होती.

अंकल आले. "काय ओरडतो?"

"अंकल, हे नाव वाचा."

"बी, एच, ए, यू. भाऊ." वाकून त्यांनी मोबाईलच्या टॉर्चने उघड्या लॅपटॉपच्या पोटात बघितलं. "दिन्या... आत तर डिस्कच नाय."

विंडोजचा पेनड्राइव्ह वेगळा, त्याचं नाव वेगळं. काकूंची जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये पडलेली, वायरसुद्धा नाही तिला. आणि ती कोरी होती, नाव कुठून येणार? फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही. अंकलनी छातीवर क्रूस केला.

"ती म्हातारी आलेली, तिचा नवरा ना हा भाऊ? तिला सांगितलं तू?"

"सांगितलं."

"खरं सांगितलं?"

मी माऊस पुसायला घेतला.

"मी तुझ्यासमोर बसलेलो त्या दिवशी," अंकल म्हणाले. "हसत होतो. मला पन त्यात घेतलंस तू."

दुकान उघडं टाकून गेलो काकूंकडे. भर दुपार, ऊन डोक्यावर, आणि घरात सगळीकडे ट्यूबलाईट चालू. माणूस नाही त्या खोलीतसुद्धा पंखा फिरतोय. काकू ओट्यावर भाजी निवडत होत्या.

"काकू, लाईट चालू राहिलेत सगळे."

"ऱ्हाऊ दे. संध्याकाळी पुतन्या येऊन बंद करतो. मी नाय हात लावत आता कशाला. मी लावला का मरतं."

मी खाली बसलो. जोक करून सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं, पण काही सुचेना. सरळ सांगितलं. खाचा, बटन, जोक, खोटं — सगळं. "तुम्ही काही केलं नाही काकू. मी केलं."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. भाजीचा हात थांबला, एवढंच. मग विचारलं, "पुसायच्या आधी तू ऐकलास त्यांचा आवाज?"

ऐकला होता. स्पीकर चालतो का बघायला एक लावलं होतं, अर्धा मिनिट. भाऊ मोटरचं सांगत होते, आधी पानी भर, मग बटन दाब, आणि मधेच म्हणाले, 'इमल, ऐकतेस का झोपलीस?' आणि हसले.

"कसे हसले?"

सगळ्या गल्लीची नक्कल करतो मी. अंकलची, बायकोची, बायकोसमोर सासऱ्यांची. तोंड उघडलं... आवाज आला नाही.

काकू उठल्या, भिंतीशी जाऊन एकेक बटन स्वतः बंद केलं. पंखे थांबले. "जा आता तू," म्हणाल्या.

दुकानात आलो. लॅपटॉपमध्ये डिस्क लावली, दिसली. सहाही मशिनींत दिसल्या. ते नाव परत कधी आलं नाही. शोधलं मी, खोटं कशाला बोलू.

याचं कारण मला माहीत नाही. बायोस, ड्रायव्हर, केबल सांगू नका, सगळं करून झालंय. वालीवचा दोस्त म्हणतो योगायोग. अंकल यावर बोलत नाहीत. काकू नाक्यावर भाजी घेऊन बसतात, मी समोरून गेलो की खाली बघतात. मीही थांबत नाही. काय म्हणून थांबू?