घरचा मॅनेजर

नीळकंठबाबू आमच्या मेहकरच्या शाळेत क्लार्क होते आणि अख्खी शाळा त्यांना टरकून असायची. रजेचा अर्ज फाटक्या कागदावर दिला म्हणून त्यांनी एकदा मुख्याध्यापकांनाच परत पाठवलं होतं. मी तिथं मराठी शिकवायचो. सर्व्हिसबुकावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची आणि त्या भांडणांतूनच दोस्ती झाली. असा खमक्या माणूस व्याह्यांपुढं मात्र अगदी मेणाचा व्हायचा. बायको लवकर वारली, गार्गी एकुलती एक. तिला चिखलीला दिली आणि तिथून बाबूंचा आवाजच बसला.

रिटायर झाल्यावर त्यांनी शेगावात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांना एखाद-दोन रात्रींसाठी द्यायचा, बुकिंग मोबाईलवर घ्यायचं, असा बेत. त्यांना स्वतःला मेहकर सोडवत नव्हतं, तेव्हा तिथं चावी देणारा, चादरी बदलणारा, आल्यागेल्याचं बघणारा मॅनेजर हवा होता. राखी नावाची एक बाई मिळाली. लॉजमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली, तोंडानं फटकळ पण कामाला चोख. बोलणी झाली, ती सोमवारपासून यायची होती.

तेवढ्यात चिखलीहून विहीणबाईंचा, रुक्मिणीबाईंचा फोन आला. "घरचा माणूस असतांनी बाहेरची बाई काऊन ठेवता? आमचा कुशल रिकामाच तं हाये."

कुशल म्हणजे जावयाचा धाकटा भाऊ. रिकामा होता हे खरंच. रिकामं राहण्याखेरीज त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मी बाबूंना म्हणालो, "काढता येईल असा माणूस ठेवा हो."

"सर, पोरीचं सासर हाये ते. नाही म्हणलं तं तिले आयकून घ्या लागन," ते म्हणाले. राखीला नाही म्हणायचं कामही त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. ती बाई मला जे बोलली ते सगळं बरोबर होतं.

कुशलरावांनी कारभार हाती घेतला. एका गुरुवारी नांदेडचं एक कुटुंब म्हाताऱ्या आईला घेऊन आलं, तर आत कुशलचे मित्र पत्ते कुटत बसलेले. बुकिंग असून त्या म्हातारीला जिन्यात बसावं लागलं. त्यांनी बाबूंना फोनवर धू धू धुतलं आणि मोबाईलवर सगळ्या जगाला दिसेल असं लिहूनही टाकलं.

आम्ही दोघं एसटीनं शेगावला निघालो. कुशलला काय काय सुनवायचं ते बाबू खामगाव येईपर्यंत घोकत होते. दार वाजवलं. कुशल बनियनवर, डोळे चोळत बाहेर आला.

"काऊन आले, मामाजी?"

"काही नाही, दर्शनाले आलतो," बाबू म्हणाले. "कुशलराव, जेवण झालं का?"

आणि घरात एकच खुर्ची होती, ती त्यांनी कुशलच्या पुढं सरकवली. मग झाडू घेतला. मॅनेजर खुर्चीवर मोबाईल बघत बसला आणि मालक पलंगाखाली वाकून त्याच्या बाटल्या गोळा करू लागला. मुलगी दिली म्हणून माणसानं इतकं लाचार व्हावं? मला ते बघवेना. मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

बुकिंग आटलं तेव्हा कुठं बाबूंनी धीर केला. पुढच्या महिन्यापासून तुम्ही आराम करावा, असं त्यांनी कुशलला अगदी अदबीनं कळवलं. त्याच आठवड्यात गार्गी बॅग घेऊन माहेरी आली. जावई, धवलराव, तिला स्टँडवर सोडून तिथूनच परत फिरले. पाठोपाठ रुक्मिणीबाईंचा फोन. "तुमचा आमच्या पोरावर भरोसा नाही, मंग आम्ही तुमच्या पोरीवर काऊन ठेवावा?"

गार्गी रडली नाही. पोटभर जेवली, निवांत झोपली. एके सकाळी मी तिथं बसलेलो असताना तीच बापाला म्हणाली, "बाबा, ते शेगावचं मले द्या. मी तिथंच राह्यते, मीच पायते सगळं. मले चिखलीले जायचंच नाही. तिथं मी सगळ्यांच्या पोळ्या लाटून राह्यली अन् मलेच रिकामी म्हणतात."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मॅनेजरही मिळाला आणि पोरही सुटली. मी म्हणालो, "बाबू, आत्ताच्या आत्ता चावी द्या तिला."

"नांदती पोरगी लॉज चालवते म्हणतीन लोकं," बाबू म्हणाले. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "पायतो."

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता चिखलीला गेले. भर बैठकीत त्यांनी कुशलला टॉवेल-टोपी केली, नारळावर ठेवून चावी दिली आणि चुकलं म्हणून हात जोडले. परत आले ते खुशीत. "मिटलं सगळं. बॅग भर गार्गे, जावई घ्याले येऊन राह्यले." गार्गी बापाकडं बघत राहिली. मग उठून साड्यांच्या घड्या घालू लागली.

परवा मी दर्शनाला गेलो होतो, म्हणून फ्लॅटवर डोकावलो. कुशल खुर्चीत होता. मोरीत चादरींचा ढीग, आणि त्यात गार्गी, साडी खोचून. कुशलच्या हाताखाली माणूस नको का, म्हणून सासरचे तिला दर बुधवारी एसटीत बसवून देतात. ती चादरी धुते, भांडी घासते, संडास धुते आणि परतते. सासरी त्याला कुणी कामही म्हणत नाही.

"हे काय गं?" मी विचारलं.

"मीच तं मांगलं होतं सर, शेगाव," ती म्हणाली, आणि चादर पिळू लागली.

मेहकरला उतरलो तो तडक बाबूंकडं गेलो. पाहिलं ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

"नांदून तं राह्यली ना, सर," ते म्हणाले.